दहा लाख हिसके

गेल्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा तुटलेली पिन नीट बघितली.

मुखेडात माझं ट्रॉली दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली. हायड्रोलिक ट्रॉलीच्या जॅकच्या तुटलेल्या पिना माझ्या हातातून किती गेल्या, हिशोब नाही. दोन तुकडे उचलायचे, म्हणायचं "माल कच्चा निघाला", भंगाराच्या ड्रममध्ये टाकायचे आणि लेथवाल्याकडून नवी पिन करून आणायची. बाऱ्हाळीपासून मुक्रमाबादपर्यंत, जांबपर्यंत सगळे मिस्त्री हेच करतात. त्या तुकड्याच्या तोंडावर त्या पिनेची सगळी कहाणी लिहिलेली असते, पहिल्या दिवसापासून शेवटच्या क्षणापर्यंत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! गेल्या महिन्यात कळलं, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

सुरुवात एका मुरमाच्या ट्रॉलीने झाली. गिऱ्हाईक जुनं आणि माणूस चांगला. त्याच्या जॅकची खालची पिन सहा महिन्यांत तीनदा तुटली. पहिल्यांदा तुटली तेव्हा नवी टाकली. दुसऱ्यांदा तुटली तेव्हा ईएन-८ ची करून टाकली, म्हणजे साध्या लोखंडापेक्षा ताकदीची. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा ट्रॉली वर उचललेली होती. देवाची कृपा की खाली कोणी नव्हतं. भरलेली ट्रॉली वरून चासीवर आदळली तो आवाज मी चौकात ऐकला. त्या रात्री जेवण गेलं नाही. पिन तर जाडच होती, माल चांगला होता, लोडही रोजचाच होता. मग तुटली का?

माझा भाचा नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी संस्थेत इंजिनिअर झाला आणि आता चाकणच्या बाजूला एका चाचणी प्रयोगशाळेत काम करतो. त्याला फोन केला. तो एकच वाक्य बोलला, "मामा, तुकडे टाकू नका, घेऊन या." ड्रममध्ये हात घालून तिन्ही पिनांचे सहा तुकडे शोधले, फडक्यात बांधले आणि उदगीर, लातूर करत पुण्याची गाडी धरली. भाच्याचं मन राखायला म्हणून निघालो होतो.

आत गेलो आणि पहिल्याच हॉलमध्ये पाय थांबले.

समोर एक यंत्र. खाली मोटारीएवढा काँक्रीटचा ठोकळा, आणि तो बाकीच्या जमिनीपासून वेगळा ठेवलेला, म्हणजे यंत्राची थरथर इमारतीत जाऊ नये. त्यावर लोखंडी खांब, आडवा दांडा, आणि त्या दांड्याला उलटा लटकवलेला जॅक. हो, जॅकच! तिथले लोक त्याला ॲक्चुएटर म्हणतात, पण आत तेच, आपल्या ट्रॉलीतलं: नळकांडं, दट्ट्या, तेल, सील. आपला जॅक ट्रॉली उचलतो. हा जॅक दुसऱ्या एका जॅकचा खालचा कान, म्हणजे पिन जिच्यात बसते ती भोकाची पट्टी, आणि त्याची पिन दाबत होता. दाबत होता, सोडत होता, दाबत होता, सोडत होता, सेकंदाला पाच वेळा! जवळजवळ साडेसात टनांपर्यंत दाब न्यायचा, अर्ध्या टनावर आणायचा, पुन्हा वर. शिलाई मशीनच्या सुईचा ताल आणि भरलेल्या ट्रकचं वजन, दोन्ही एकाच ठिकाणी मी कधी पाहिलं नव्हतं. पंपाचा एकसुरी आवाज बाजूच्या खोलीतून येत होता. यंत्राजवळ मात्र फक्त एक बारीक धक-धक-धक. तळहात ठोकळ्याला लावला तर तो ताल मनगटापर्यंत चढला.

साडेसात टन हा आकडा मला ओळखीचा वाटला. ८० मिलिमीटर बोअरचा जॅक आणि १५० बारचा दाब धरला तर बळ येतं साधारण ७.७ टन. म्हणजे माझ्या वर्कशॉपमध्ये रोज येणारा जॅक जेवढा जोर लावतो, तेवढाच जोर इथे त्या पिनेवर पडत होता. आपल्याच पिनेची परीक्षा चालली होती म्हणा ना.

यंत्राच्या जॅकचं तेल २१० बारला येतं आणि मधे एक मुठीएवढा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, सर्व्हो व्हॉल्व्ह. आपल्या ट्रॅक्टरच्या लिव्हरसारखा चालू-बंद नव्हे. वीज जेवढी देऊ तेवढाच तो उघडतो. पिनेला लागून एक लोड सेल असतो, तो प्रत्येक क्षणाला सांगतो की आत्ता किती बळ पडतंय. संगणक ते वाचतो, पाहिजे तेवढं नसेल तर व्हॉल्व्हला सांगतो, थोडा उघड, थोडा मिट. हा संवाद सेकंदाला हजारो वेळा चालतो. काट्यावर मिरची तोलताना व्यापारी चिमटीचिमटीने टाकतो-काढतो ना, तसं, पण टनांमध्ये आणि निमिषात!

पडद्यावर आकडा पळत होता: ६,३८,२१४... २१५... २१६... भाचा म्हणाला, "दहा लाखाला थांबेल. त्याआधी तुटली तर आपोआप बंद पडेल आणि किती हिसक्यांना तुटली ते लिहून ठेवेल." मी तिथेच मोबाईलवर हिशोब केला. सेकंदाला पाच, तर दहा लाखाला लागतात साडेपंचावन्न तास. आणि आपली ट्रॉली? दिवसाला २० खेपा, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६,००० उचली. दहा लाख उचलींना १६६ वर्षं लागतील! माझ्या पणजोबांनी सुरू केलेली ट्रॉली माझ्या नातवाने चालवावी एवढं आयुष्य हे यंत्र अडीच दिवसांत त्या पिनेला जगायला लावतं. मी खुर्ची ओढून बसलो. अर्धा तास नुसता आकडा बघत होतो, कोणी काही म्हणालं नाही.

मग भाच्याने माझं फडकं सोडलं.

पहिला तुकडा त्याने रॉकेलने हलकेच धुतला, भिंगाखाली धरला आणि मला म्हणाला, "बघा आणि सांगा काय दिसतं." मी बघितलं. तुटलेलं तोंड सगळं सारखं नव्हतं! एका कडेपासून सुरू झालेला मोठा भाग गुळगुळीत, शिंपल्याच्या पाठीसारखा, आणि त्यावर कडेभोवती वळणं घेत गेलेल्या बारीक बारीक रेघा. नदीचं पाणी ओसरताना गाळावर जशा रेघा सोडतं, तशा. उरलेला भाग रवाळ, गुळाची ढेप फोडल्यावर आत दिसतो तसा.

"ही गुळगुळीत जागा हळूहळू तुटली, महिनोन् महिने. ही रवाळ जागा एका झटक्यात, शेवटच्या दिवशी. तुम्ही आवाज ऐकला तो या रवाळ भागाचा," तो म्हणाला. मी पुन्हा बघितलं. गुळगुळीत भाग पाऊण होता. म्हणजे त्या दिवशी पिन तुटलीच नव्हती. त्या दिवशी तिचा उरलेला पाव भाग तुटला. बाकीची तीन हिस्से पिन आधीच तुटून गेलेली होती, आणि ट्रॉली त्याच पिनेवर मुरूम उचलत होती, आणि आम्ही सगळे तिच्या खालून येत-जात होतो!

"आता या रेघा उलट वाचत जा, जिथे सगळ्या एकत्र येतात तिथे जा." मी भिंग सरकवलं. रेघा लहान होत होत कडेच्या एका ठिपक्यापाशी मिळाल्या. त्या ठिपक्यावर वेल्डिंगचा मणी होता. छोटा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो माझा टाका होता. पिन फिरू नये, निसटू नये, म्हणून बसवल्यावर एका बाजूने मी नेहमी टाका मारतो. बावीस वर्षं मारतोय. दुसरी पिन बघितली, रेघा टाक्यापाशी. तिसरी बघितली, टाक्यापाशी.

भाच्याने समजावलं. ईएन-८ मध्ये कार्बन जास्त असतो. थंड पिनेवर टाका मारला की तेवढी जागा क्षणात लाल होते आणि बाकीची जाड पिन तिची उष्णता तितक्याच क्षणात ओढून घेते, म्हणजे तिथे पाणी दिल्यासारखं होतं. ती जागा कडक आणि ठिसूळ होते. त्यात केसाएवढी भेग पडते आणि पुढचं काम हिसके करतात. साधं लोखंड हे पुष्कळ सोसून घेतं. मी चांगला माल वापरला म्हणून माझा टाका जास्त घातक झाला. या गोष्टीने मला खरोखर झोप लागेना, आणि त्याच वेळी मनात केवढा उजेड पडला होता! "माल कच्चा" नव्हता. कधीच नव्हता.

अशा तुटण्याला फटीग म्हणतात, धातूचा थकवा. त्याची विद्या जन्मली आगगाडीमुळे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हाचे जाणते लोकही म्हणायचे की लोखंड वापरून वापरून आतून दाणेदार होतं, म्हणजे जवळजवळ आपलंच "माल कच्चा". मग जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरने १८५० आणि १८६० च्या दशकांत आस गरगर फिरवून, वाकवून, तुटेपर्यंत मोजले आणि दाखवलं की एकदा किती जोर दिला यापेक्षा किती वेळा, किती मोठा हिसका दिला, यावर तुटणं ठरतं. पोलादाच्या गुळगुळीत नमुन्याला तर एक मर्यादाच असते, तिच्याखालचे हिसके ते जवळजवळ कितीही सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. १९५४ मध्ये ॲल्युमिनियमची कॉमेट नावाची प्रवासी विमानं हवेत फुटली, तेव्हा इंग्रजांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आतला दाब कमी-जास्त करत राहिले. शेवटी एका खिडकीसारख्या छिद्राच्या कोपऱ्यापाशी ते फाटलं. कोपरा! पत्र्याला साधं गोल भोक पाडलं तरी त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो, मग टोकदार कोपऱ्याचं काय सांगावं. भाचा हे सांगत होता आणि मला माझ्या गॅस कटरने कापलेल्या खाचा एकेक करून आठवत होत्या.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते पुढच्या गोष्टीने. पावसाळ्यात मुरूम ओला असला की ट्रॉली उचलूनही तो तळाला चिकटून राहतो. मग ड्रायव्हर काय करतो? वर उचललेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर थोडा पुढे पळवतो आणि गचकन ब्रेक मारतो. दोनदा, चारदा. मुरूम सुटतो. हे आपल्याकडे सगळे करतात. त्याने पिनेचं काय होतं, असं मी विचारलं, तर भाच्याने कागद ओढला. वजन हळू ठेवलं तर जेवढा ताण, तेच वजन टेकवून एकदम सोडलं तर दुप्पट. वितभर उंचीवरून पडलं तर त्याच्याही कितीतरी पट. "आणि मामा, वेल्डिंगच्या सांध्याला ताण दुप्पट झाला तर आयुष्य अर्धं होत नाही. आठवा भाग राहतो." मी म्हटलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितलं. दोन गुणिले दोन गुणिले दोन. म्हणजे ब्रेकचा असा एक हिसका आठ उचलींएवढा. चार हिसके मारून रिकामी केलेली एक खेप ही एक खेप नव्हेच, ती तेहतीस खेपा आहे! हा हिशोब मी त्या दिवसापासून प्रत्येक ड्रायव्हरला बोटं मोजून दाखवतो, आणि खरं सांगतो, लगेच पटतो. कारण ड्रायव्हरला खेप कळते.

मग मी विचारलं, आपला रस्ता इथे आणता येईल का? मुखेडहून नरसीकडे जाताना जे खड्डे आहेत, ते? तो हसला नाही. म्हणाला, येतो की. ट्रॉलीच्या कानाला नखाएवढी एक पातळ पट्टी चिकटवायची, स्ट्रेन गेज. लोखंड केसाच्या शंभराव्या भागाएवढं ताणलं तरी ती सांगते. मग ट्रॉली त्याच रस्त्याने, तोच माल भरून, त्याच ड्रायव्हरच्या हाती चालवायची आणि सगळं टिपून आणायचं. इथे यंत्राचा जॅक तोच रस्ता जसाच्या तसा पिनेवर वाजवतो, खड्डा न खड्डा. रेकॉर्ड केलेलं भजन वाजवावं तसं! आणि टिपून आणलेल्या त्या वेड्यावाकड्या रेघेत हिसके मोजायचे कसे, कारण लहान हिसका मोठ्याच्या पोटात असतो, तर त्याची रीत १९६८ मध्ये जपानच्या तात्सुओ एंडो यांनी काढली. ती रेघ उभी धरायची आणि तिच्या प्रत्येक वळणाला उतरतं छप्पर समजून त्यावरून पावसाचं पाणी सोडायचं. पाणी जिथे अडेल, जिथे दुसऱ्या धारेला मिळेल, तिथे एक हिसका मोजून झाला. नावच रेनफ्लो. मी पत्र्याच्या शेडखाली बावीस पावसाळे काढलेत. पन्हाळीतून पन्हाळीत उतरणारं पाणी मला कोणी शिकवायला नको. ही रीत मला पहिल्याच सांगण्यात समजली आणि केवढा आनंद झाला!

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. निघताना भाचा म्हणाला, असेच चार-सहा जॅक एका मोठ्या पाटाखाली लावले की भूकंपाचं टेबल होतं, त्यावर घराचा नमुना बांधून हलवतात. बंगळुरूला, चेन्नईला, रूरकीला अशी टेबलं आहेत. मी गप्प झालो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मला आठवते. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती, आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन आली होती, आणि दिवस उजाडल्यावर किल्लारीच्या भूकंपाचं कळलं. तिथली घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंतीची आतली फळी आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधणारा लांब दगड नाही, म्हणून दोन्ही फळ्या दोन दिशांना सुटल्या. घर हलवून बघण्याचं टेबल असतं, हे त्या वयात कळलं असतं तर मी कदाचित काही वेगळंच शिकलो असतो.

हिसक्यांच्या यंत्रांकडे परत येतो. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) आहे. टेकडीलाच लोक एआरएआय टेकडी म्हणतात. देशातल्या गाड्यांचे भाग तिथे असेच हिसके खातात. मध्य प्रदेशात बुधनीला ट्रॅक्टरची सरकारी परीक्षा होते, त्यात त्याची हायड्रोलिक लिफ्टसुद्धा तपासतात. कारला परीक्षा, ट्रॅक्टरला परीक्षा. पण त्याच ट्रॅक्टरमागची गावात वेल्डिंग केलेली ट्रॉली, तिचा कान, तिची पिन, यांना असलं यंत्र सहसा दिसत नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये फार नको, एक भिंग आणि तुटलेल्या तुकड्यांची एक पेटी जरी ठेवली, तरी वेल्डर होणारी पोरं माझ्यासारखी बावीस वर्षं वाया घालवणार नाहीत. हे व्हायलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

परत आल्यावर पहिलं काम, पिनेवर टाका बंद. आता पिनेच्या डोक्याला खाच घेतो, त्यात लॉक पट्टी बसवतो आणि पट्टी बोल्टने कानाला आवळतो. वेल्डिंगचा मणी जिथे पत्र्याला मिळतो ती कड ग्राइंडरने बारीक वळण देऊन साफ करतो, कारण भेग तिथूनच निघते आणि महागडं पोलाद वापरलं म्हणून थांबत नाही.

दुसरं काम, तीन स्प्रे आणले. एक साफ करायचा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या भुकटीचा. दुकानात दुरुस्तीला उभ्या असलेल्या एका ट्रॉलीचा कान घासून स्वच्छ केला. डोळ्याला काही नव्हतं, बोट फिरवलं तरी काही नव्हतं. लाल रंग मारला, दहा-पंधरा मिनिटं मुरू दिला, फडक्याने पुसून काढला, वरून पांढरा मारला. आम्ही चौघे वाकून बघत उभे. आधी काहीच नाही. मग त्या पांढऱ्यावर, वेल्डिंगच्या कडेला, मेंदीच्या काडीने ओढावी तशी एक लाल रेघ हळूहळू उमटत आली. बोटाच्या दोन पेरांएवढी. मालक माझ्याशेजारीच उभा होता. त्याने त्या रेघेवरून नजर काढली नाही आणि नुसतं म्हणाला, "काल हिच्याखाली माझं पोरगं ग्रीस मारत होतं."

त्या कानाची भेग पूर्ण खोदून काढली, नवा कान बसवला, कडा घासल्या. ट्रॉली चालू आहे.

माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. जॅकची पिन, कान, आस, काहीही तुटलं तर तुकडे टाकू नका. दोन्ही तुकडे ठेवा. जुळतात का बघायला एकमेकांवर घासू नका, त्याने रेघा पुसतात. वायर ब्रश मारू नका. थोडं तेल लावा, फडक्यात गुंडाळा आणि तुमच्या मिस्त्रीला म्हणा, भिंग घेऊन बघ. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली जायचं असेल, तर आधी चासीवर लाकडाचा जाड ठोकळा उभा करा, जॅकच्या भरवशावर जाऊ नका. दुकानातल्या माझ्या ड्रममध्ये आता फक्त पत्र्याचं कातरण असतं. पिनांची वेगळी पेटी केली आहे, आणि ती बघायला कोणीही कधीही यावं.